पुढावा

"अहो, जपानात संध्याकाळ झाली. उठा आता," दुपारी तीनच्या ठोक्याला गिरिजाबाईंनी नवऱ्याला हलवलं.

मल्लिकार्जुन मगदूम, म्हणजे अख्ख्या मिरजेचे मल्लूअण्णा, वामकुक्षी अर्धी टाकून उठले. तोंडावर पाणी मारलं, इस्त्रीचा झब्बा चढवला, कपाळाला भस्माची बोटं ओढली आणि कठड्याला धरून माडी चढू लागले. साडेतीनला ओसाकाच्या सभागृहात शाल्मली वाटवेचं व्हायोलिन सुरू व्हायचं होतं आणि तबल्यावर साथीला अण्णा बसणार होते. बसणार अर्थातच मिरजेत, स्वतःच्या माडीवर.

"घरातच बसायचं तर झब्बा कशाला लागतो? तिकडं कुणाला दिसताय का तुम्ही?" गिरिजाबाईंनी पाच वर्षांत हा प्रश्न शंभरदा तरी विचारला असेल.

"तबल्याला दिसतोय की," अण्णांचं उत्तरही ठरलेलं.

माडीवरच्या खोलीच्या भिंती कापूस भरलेल्या जाड तक्त्यांनी मढवल्या होत्या. अण्णा बैठकीवर बसले, दोन्ही हातांना कोपराखाली दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या बांधल्या आणि कानात बोंडं घातली. ओसाकाच्या रंगमंचावर शाल्मलीच्या डाव्या हाताला अशीच एक बैठक अंथरलेली असे, तिच्यावर तबला-डग्गा असे आणि वाजवणारा नसे. तबल्याच्या कातडी पुडीखाली कंपनं देणारी चकती बसवलेली होती. मिरजेत अण्णांचं बोट पडलं की तिकडे पुडी थरथरे आणि तबला आपोआप बोलू लागे. पहिल्या वर्षी लोक तोंडात बोट घालून त्या रिकाम्या बैठकीकडेच बघत राहत. नंतर नवलाई संपली. शाल्मली वाजवत असताना दुसरीकडे फार वेळ बघत राहणं तसं कुणाला जमण्यासारखंही नव्हतं.

शाल्मली मूळची सांगलीची. वडील एसटीच्या वर्कशॉपात कामाला. घरात गाणं औषधालाही नाही. ही पोरगी मात्र शेजारच्या मास्तरांचं व्हायोलिन ऐकून जेवणाच्या ताटावरून उठायची. एकोणिसाव्या वर्षी तिची पहिली जाहीर बैठक झाली तेव्हापासून अण्णा तिच्या साथीला होते आणि आता ती शेहेचाळीस वर्षांची होती. एकेचाळीस देश तिने गजाखाली घातले होते. हिंदुस्तानी रागाचा गंध नसलेली माणसं बर्फात रांगा लावून तिकिटं काढत. व्हिएन्नातल्या एका खडूस समीक्षकाने, जो आपल्या आईचंही कौतुक करणार नाही अशी त्याची ख्याती होती, लिहिलं होतं की या बाईने गज उचलल्यानंतरही आवाज चालू आहे असं मला वाटत राहिलं आणि मी टाळ्या वाजवायला विसरलो. तिची थोरवी एका वाक्यात सांगायची तर, ती एकदा गेलेल्या वाटेने दुसऱ्यांदा जात नसे. तोच राग, तीच गत, पण आज त्यातून काय उगवेल हे तिचं तिलाही माहीत नसे. ऐनवेळी सुचलेल्या त्या नव्याला गवई उपज म्हणतात. शाल्मलीकडे उपजेला दुष्काळ नव्हता.

पाच वर्षांपूर्वी अण्णांचं फुप्फुस दुसऱ्यांदा बसलं आणि डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं. शाल्मलीला चांगले तबलजी मिळाले असते, डझनाने मिळाले असते. तिने एका ओळीचं पत्रक काढलं: अण्णा साथीला नसतील तिथे मी वाजवणार नाही. सहा महिने तिने खरोखरच एकही मैफल केली नाही. मग डॉक्टर आफरीन मुजावर अण्णांच्या घरी आली.

आफरीन मिरजेच्या वाद्य कारागिरांच्या घरातली. शाल्मलीच्या पहिल्या व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, आफरीनच्या वडिलांनी तासून बसवली होती. मुलगी मात्र शिकून विजेच्या आणि मेंदूच्या नादी लागली आणि दूरदूरच्या वादकांना एकत्र वाजवता यावं म्हणून निघालेल्या 'सेतू' नावाच्या यंत्रणेची मुख्य शास्त्रज्ञ झाली.

"फोनवरून साथ करायची एवढंच ना? त्यात काय अवघड आहे?" अण्णांनी तेव्हा विचारलं होतं.

"अवघड हे, की उजेडालाही वेळ लागतो, अण्णा. काचेच्या तारेतून तो सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. तरी समुद्राखालून वळसे घेत, वाटेतल्या यंत्रांतून उड्या मारत ओसाकाला पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. परत यायला तेवढाच. जाऊन येऊन पाचवा हिस्सा."

"एवढ्यानं काय होतंय?"

"लय चढली की तुमच्या मात्रा सेकंदाला किती?"

अण्णांनी मांडीवर बोटं वाजवून पाहिली. "पाच धर."

"म्हणजे तुमची एक मात्रा सेकंदाचा पाचवा हिस्सा. तिची सम ऐकून तुम्ही 'धा' दिलात, तर तो तिला दुसऱ्या मात्रेवर ऐकू जाणार. चूक तुमची नाही, तिची नाही. पृथ्वीच मोठी आहे."

"मग बोलणंच खुंटलं."

"नाही खुंटलं. उजेडाला घाई करता येत नसेल तर आपण आधी निघायचं."

आधी निघायच्या या युक्तीला त्यांच्या प्रयोगशाळेत 'पुढावा' म्हणत. बोट पुडीवर पडण्याआधीच हाताच्या स्नायूंना मेंदूचा निरोप पोचलेला असतो. पट्ट्या तो निरोप वाचत. पण तेवढ्याने पाचवा हिस्सा भरून निघत नाही, उरलेलं अंदाजाने भरावं लागतं, आणि अंदाज करायला माणूस ओळखीचा लागतो. म्हणून अण्णांचं जन्मभराचं ध्वनिमुद्रण यंत्राला ऐकवण्यात आलं. शाल्मलीजवळ ठेवलेला डबा तिचं वाजवणं तिथल्या तिथे ऐके, मिरजेहून आलेले हातांचे निरोप वाचे आणि पुढच्या पाव सेकंदात अण्णा काय वाजवतील ते आत्ताच वाजवून टाके. तसाच दुसरा डबा मिरजेच्या माडीवर होता, तो शाल्मलीचा पुढावा अण्णांच्या कानात घाली. मागाहून खरा आवाज पोचला की डबा तो आपल्या अंदाजाशी ताडून बघे आणि फरक निघाला तर कुणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेताने मिसळून टाके. शंभर अंदाजांत किती चुकले, या आकड्याला नाव होतं 'तफावत'. चित्राला मात्र पुढावा नव्हता. ते उशिरा येई आणि डोळ्यांचं नि कानांचं भांडण लागे, म्हणून अण्णा पडदा बंदच ठेवत.

सेतूवरून वाजवणारे दीड हजार कलावंत जगात होते. बहुतेकांची तफावत चार-पाचच्या घरात असे. शाल्मलीची एकतीस होती. यंत्राने तिच्यापुढे हात टेकले होते. प्रयोगशाळेतल्या पोरांनी तो आकडा फळ्यावर लिहून त्याला हार घातला होता आणि ही गोष्ट अण्णांनी भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून झाली होती. स्वतःची तफावत किती, हे विचारावं असं काही त्यांना कधी सुचलं नाही.

त्या दिवशी ओसाकात द्रुत तीनताल ऐन रंगात आला होता. शाल्मलीच्या ताना सुटत होत्या आणि अण्णा त्यांच्याखाली ठेका धरून होते. एवढ्यात त्यांच्या डाव्या हाताला पेटका आला. बोटं कोंबडीच्या पायासारखी आखडली आणि कळ थेट खांद्यापर्यंत गेली. अण्णांनी दोन्ही हात उचलले, ओठ दाताखाली धरला आणि बोटं मांडीवर घासत बसले. सोळा मात्रांची तीन आवर्तनं गेली, म्हणजे दहाएक सेकंद. पन्नास वर्षांत मैफलीत त्यांचा हात कधी थांबला नव्हता. चौथ्या समेला ते पुन्हा शिरले तेव्हा झब्बा घामाने पाठीला चिकटला होता. पेटक्यापेक्षा लाजेचाच घाम जास्त होता.

सहाच्या सुमारास शाल्मलीचा फोन आला. "अण्णा, द्रुतात आज काय धरून ठेवलंत मला! मी कुठंही उडी मारावी, पायाखाली जमीन आहेच."

"मधे जरा..." अण्णा चाचरले.

"मधे काय?"

"काही नाही. बरं झालं म्हणायचं."

ती आपल्या म्हातारपणावर पांघरूण घालतेय, असं आधी अण्णांना वाटलं. पण तोंडदेखलं बोलणं शाल्मलीच्या रक्तात नव्हतं. साथ ढिली पडली तर ती विमानतळावर चार लोकांत झाडायची. अण्णांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आफरीनच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि ओसाकाच्या सभागृहातलं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं.

ती जागा आली. व्हायोलिन उसळत होतं आणि खाली तबला चालू होता. एक आवर्तन, दोन, तीन. कुठे खळ नाही. आवाज अण्णांच्याच तबल्याचा, वजन अण्णांच्याच बोटांचं, डग्ग्यावरचा दाब अण्णांच्याच मनगटाचा.

"हे कोण वाजवतंय?"

"तुम्हीच की."

"माझे हात मांडीवर होते गं."

आफरीनने नोंदी काढून पाहिल्या. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "अण्णा, डब्याला दोन गोष्टी मिळतात. तुमच्या हातांचे निरोप आणि त्याचा स्वतःचा अंदाज. ज्याची तफावत मोठी, त्याच्या अंदाजावर तो विसंबत नाही. शाल्मलीताईंच्या बाबतीत तो प्रत्येक निरोपाची वाट बघतो. तुमच्या बाबतीत उलटं आहे. तुमचे निरोप थांबले, तेव्हा तुम्ही थांबलात असं त्याला वाटलंच नाही. लाइन तुटली असं वाटलं. तुम्ही मधेच थांबल्याची एकही नोंद त्याच्याकडे नाही."

"माझी तफावत किती?"

आफरीनने चष्मा पुसायला घेतला. "शंभरात अर्धी. त्याहून कमीच."

अण्णा आधी हसले. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, उलट अब्रूच होती. साथ करणाऱ्याने अवचित काही करायचं नसतं. भिंतच हलायला लागली तर घरातल्यांनी खेळायचं कुठे? सोळा मात्रा सोळाच ठेवायला त्यांनी पन्नास वर्षं घालवली होती. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"पेटका गेलाच नसता तर हे किती वेळ चाललं असतं?"

"मैफल संपेपर्यंत," आफरीन म्हणाली. "तुमचे निरोप आले तर त्याला ते मानावे लागतात. आले नाहीत तर सगळं त्याच्या अंदाजावर."

अण्णा उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आणखी एक. माझ्या कानात तिचा आवाज मधूनमधून चिकटतो. ओल्या शाईवरून बाही फिरावी तसा. ती लाइन तेवढी दुरुस्त करून घे."

"ती लाइन नाही, अण्णा. ती ताईंची तफावत. मिरजेतला डबा एक समजून चालतो, त्या दुसरंच काही करतात. खरं पोचेपर्यंत जागा निघून गेलेली असते, मग तो दोन्ही मिसळून टाकतो. शंभरात एकतीस वेळा."

"म्हणजे जिथं चिकटतं तिथं..."

"तिथं त्यांनी जगात कुणी केलं नसेल असं काहीतरी केलेलं असतं."

पाच वर्षांतल्या एकशेचाळीस मैफलींची सभागृहातली ध्वनिमुद्रणं अण्णांनी मागून घेतली आणि आठ दिवस ते माडीवर ऐकत बसले. साओ पावलोचा मारवा लावला. त्यात शाल्मलीने षड्ज टाळत टाळत इतका वेळ लांबवला की ऐकणाऱ्याला घर हरवल्यासारखं व्हावं, आणि शेवटी तो आला तेव्हा पुसटसा, गज नुसता तारेवर टेकवून. अण्णांच्या कानाला त्या रात्री तिथे भरघोस, नेहमीचा षड्ज मिळाला होता. लिस्बनची मैफल लावली आणि ते ताडकन उठून बसले. मध्यावर तिची तार तुटली होती. तुटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. पुढची अकरा मिनिटं ती उरलेल्या तीन तारांवर वाजवत राहिली, वरचे सूर दुसऱ्या तारेवर थेट घोडीजवळ जाऊन काढत राहिली, आणि त्या अडचणीतून तिने असं काही उभं केलं की चार तारांवर ते सुचलंच नसतं. अण्णांच्या डब्याने त्यांना चारी तारा ऐकवल्या होत्या. शाल्मलीने नंतर तारेचा विषय काढला नव्हता. अण्णा शेजारीच होते, त्यांना ठाऊक नसेल हे तिच्या मनात तरी कसं यावं?

चहा घेऊन आलेल्या गिरिजाबाईंनी नवऱ्याला डोळे पुसताना पाहिलं. "अहो, काय झालं?"

"पोरगी कुठल्या कुठं गेलीय गं," अण्णा म्हणाले. "आणि मी दाराशीच बसून होतो."

ते दुःख होतं, पण निव्वळ दुःख नव्हतं. असं वाजवणारी आपल्या साथीने वाढली, या अभिमानाने त्यांची छाती भरून येत होती आणि ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात न्यूझीलंडपासून वीस शहरांचा दौरा सुरू व्हायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी शाल्मलीने फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ती फोन ठेवीना.

"अण्णा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही तिकडं असता ना?"

"म्हणजे?"

"हल्ली मला शंका येते. इतकं बरोबर कसं येतं सगळं? बाजूला बघते तर पुडी हलतेय आणि माणूस नाही. मी त्या डब्याशी बोलत असेन तर मला सांगा. गज खाली ठेवीन मी. वीस गावांची तिकिटं गेली असू देत. सांगलीला येऊन पोरांना सारेगम शिकवीन, पण डब्यासमोर नाही वाजवणार. ऐकणारं माणूस शेजारी नसेल तर मला सुचतच नाही हो काही."

ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. सहा महिने करून दाखवलंच होतं. खरं सांगावं तर जगातलं एकतीस तफावतीचं व्हायोलिन उद्यापासून बंद. न सांगावं तर पोरगी हजारो माणसांसमोर एकटी बसलेली, आणि तिला ते माहीतही नाही.

"तुझा कान काय सांगतोय ते बघ," अण्णा एवढंच म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी आपल्या परीने वाट काढली. वेलिंग्टनला द्रुतात, लय चढली की, आपण हात उचलायचे. चार आवर्तनं नुसतं बसायचं. शाल्मलीचा कान साधा नव्हता. तो बदल तिने टिपला तर इतकी वर्षं ती आपल्याशीच बोलत होती असं ठरलं. मग आफरीनला सांगून डबा असा करून घ्यायचा, की आपले हात थांबले की त्यानेही थांबावं. आणि नाही टिपलं, तर त्याच दिवशी तिला सगळं सांगून टाकायचं आणि आपण उठायचं. आफरीनला हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. तिने समजावून पाहिलं, पण मल्लूअण्णांचं एकदा ठरलं की ठरलं.

वेलिंग्टनची संध्याकाळ म्हणजे मिरजेची सकाळ, साडेअकरा. खाली गिरिजाबाई भाकऱ्या थापत होत्या आणि वर अण्णा पूरिया धनाश्रीची साथ करत होते. सकाळी संध्याकाळचा राग वाजवायचं पाप कुणाच्या खाती लागतं, असा प्रश्न त्यांना नेहमी पडायचा. आज काही पडला नाही. आफरीन खोलीच्या कोपऱ्यात नोंदींच्या पडद्याशी बसली होती.

शाल्मली आज वेगळ्याच तारेत होती. विलंबितात तिने एकेका सुराला इतका वेळ दिला की अण्णा वाजवता वाजवता मान हलवत राहिले. द्रुत सुरू झालं, लय चढली. तिची तिसरी मोठी तान सुटली आणि अण्णांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

कानात तान धावत आली आणि नेमकी समेवर उतरली. पुढच्याच क्षणी आवाज चिकटला, ओल्या शाईसारखा, आणि बराच वेळ तसाच राहिला. चिकटणं म्हणजे काय, हे आता अण्णांना ठाऊक होतं. पोरीने काहीतरी विलक्षण केलं होतं आणि ते आपल्याला मागाहून ऐकावं लागणार होतं. चार आवर्तनं झाली. व्हायोलिन थांबलं नाही, अडखळलं नाही. अण्णांनी हात पुन्हा तबल्यावर ठेवले आणि मैफल शेवटाला नेली. टाळ्या संपता संपत नव्हत्या.

म्हणजे तिने टिपलं नव्हतं. अण्णांनी कानातली बोंडं काढली आणि तिला काय सांगायचं ते वाक्य मनात जुळवून ठेवलं. 'पोरी, आज चार आवर्तनं मी वाजवलंच नाही.' एवढंच म्हटलं की पुढचं सगळं तिला कळलं असतं.

दोन वाजता फोन आला. शाल्मली हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

"अण्णा, माफी मागायचीय. आज तुमची परीक्षा घेतली मी."

"कसली परीक्षा?"

"द्रुतात मुद्दाम सम सोडली. तान अर्धवट लटकवली आणि हरवल्याचं सोंग घेऊन नुसता एक सूर घासत बसले. म्हटलं, डबा असेल तर ठेका मारत पुढं निघून जाईल. त्याला काय कळतंय? अण्णा, तुम्ही नाही गेलात. तुम्ही आवाज उतरवलात आणि नवव्या मात्रेला, खालीपाशी, डग्ग्यावर मनगट दाबून तो घुमारा दिलात, इकडं ये म्हणून. हुबळीला मी एकोणीस वर्षांची असताना वाजवता वाजवता हरवले होते, तेव्हा दिला होतात तसाच. त्यानंतर कधी गरजच पडली नव्हती. मला रडूच फुटलं हो स्टेजवर."

अण्णांनी विचारलं, "कितवी तान?"

"तिसरी. मोठी."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. आफरीनने पडद्यावरची वेळ पाहिली आणि खाली मान घातली.

अण्णांनी हिशेब मांडून पाहिला. त्यांच्या कानात तिची सम चुकलीच नव्हती. हात तबल्यावर असते तर? मिरजेच्या डब्याने ऐकवलेल्या त्या नेमक्या समेवर त्यांनी खणखणीत 'धा' दिला असता आणि ठेका मारत पुढे निघून गेले असते. ती हरवलेली त्यांना कळलीच नसती. तिचं हरवणं ऐकलं ते वेलिंग्टनच्या डब्याने. एकदा, सत्तावीस वर्षांपूर्वी, हुबळीला एक माणूस जसा वागला होता तसा तो वागला. त्याला तसं वागता आलं, कारण त्या वेळी मिरजेहून कुणाचे हात मधे येत नव्हते.

"पाच वर्षं मनात किडा होता अण्णा, आज गेला," शाल्मली सांगत होती. "आता वीस काय, दोनशे गावं करीन. तुम्ही होतात ना?"

जुळवून ठेवलेलं वाक्य अण्णांच्या जिभेवर होतं. तिचा आवाज ऐकून ते त्यांना गिळावं लागलं.

"होतो की," ते म्हणाले.

"शनिवारी ऑकलंड. तुमच्याकडे साडेअकराच. बसाल ना साथीला?"

"बसतो."

फोन बंद झाला. आफरीन उठली आणि त्यांच्या हातावरच्या पट्ट्या सोडू लागली. दाबाने कातडीवर तांबडे वळ उठले होते. "अण्णा, तुम्ही सांगणार होतात," ती हळूच म्हणाली.

अण्णा वळांवरून अंगठा फिरवत राहिले.

"शनिवारी पट्ट्या बांध, मी वेळेवर बसतो," ते म्हणाले. "पण हात मांडीवरच ठेवीन म्हणतो. माझे हात मधे आले तर पोरीला साथ कमी पडायची."